चन्नम्माने उघडलेले डोळे

सकाळच्या गार पाण्यात चन्नम्मा मढी धूत होती.

पाणी रांजणातलं, त्यात थोडी तुरटी. सोलापूरच्या वैशाखात दुसरा इलाजच नव्हता. ऊन चढलं की पाणी कोमट होई, आणि कोमट पाण्यात काचेवरचा सरस सुटून चित्रच्या चित्र सायीसारखं वाहून जाई. म्हणून गिरणीचा पहिला भोंगा झाला की ती परात घेऊन ओसरीवर बसे आणि ऊन पायरीला लागायच्या आत उठे. फोटोची एकेक काच पाण्यात बुडवायची, बुरशीवरून कापसाचा बोळा अलगद फिरवायचा, आणि वाट बघायची. हळूहळू खालून काहीतरी वर येई. आज आधी एक बूट वर आला. मग बुटातला पाय. पायाच्या वर काहीच नव्हतं. बुरशी राहिली असेल म्हणून तिने पुन्हा बोळा फिरवला. बुरशी नव्हती. तेवढंच होतं, आणि पलीकडे एक खेचर पोट फुटून पडलेलं, आणि त्याच्या आतड्यांवर पाय न पडावा म्हणून लांब टांग टाकून चाललेला एक शिपाई.

"शिवशिवा," असं म्हणून तिने काच वाळायला भिंतीशी उभी केली आणि पुढची घेतली.

काचा वेणीमाधव कंपाउंडरांच्या. जर्मनच्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडे फौजी इस्पितळात होते. तिथल्या एका गोऱ्या कॅप्टनला फोटोचा नाद. दोन भिंगांचा कॅमेरा, आणि काढलेली चित्रं पाहायला लाकडी सैरबीन. कॅप्टन तापाने गेला. मेलेल्या साहेबाचं सामान छावणीतच लिलावात काढायची त्या लोकांची रीत. बूट एकाने घेतले, वस्तरा दुसऱ्याने, आणि ही पेटी वेणीमाधवांनी. घरी आणून माळ्यावर टाकली, तिथे ती पावसाळ्यांमागून पावसाळे गळक्या पत्र्याखाली राहिली. आता पेठेतल्या मंडळाने गणपतीत प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना तिची आठवण झाली.

"आताच्या पोरांना लढाई म्हणजे नाटकातली पत्र्याची तलवार वाटते, चन्नम्माबाई," पेटी खाली ठेवताना ते म्हणाले होते. "त्यांना दाखवतो खरी लढाई. सैरबिनीला डोळे लावले की मढं हाताला लागेल असं दिसतं. बायका किंचाळतील बघा."

"बायकांना कशाला दाखवता?"

"बायकाच दोनदा येतात. पैज लावा हवी तर."

प्रत्येक काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रं होती, उजेडाकडे धरली की दिसणारी. दोन्ही सारखीच. कंपाउंडर म्हणाले, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. सैरबिनीत घातली की दोहोंचं एक होतं आणि चित्राच्या आत जागा तयार होते. पुढचं पुढे येतं, मागचं मागे जातं.

"मग सैरबीन ठेवून जा की. बघून काम करीन."

"ती माझ्या घराबाहेर जायची नाही. भिंगं विलायती आहेत. तुम्ही आपली दोन्हीकडे सारखी डागडुजी करा, म्हणजे झालं."

तिने तसंच धरलं. एकाच फोटोच्या दोन प्रती, दोन्हीवर सारखंच काम. इतकी वर्षं फोटो दुरुस्त करणाऱ्या बाईने तेवढ्यावर समाधान मानावं ही तिची चूक, आणि त्या चुकीपायी एका पोरीचा हात मोडला.

चन्नम्मा अक्कलकोटकडची. लग्न होऊन सोलापुरात बाळीवेशीत आली तेव्हा तिला कानडीखेरीज भाषा येत नव्हती. नवरा शंकरप्पा फोटोग्राफर. वरून काचेचं छप्पर असलेली एक खोली, पाठीमागे बागेचा पडदा, आणि हुकमी गिऱ्हाईक म्हणजे समाजातली मयत. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. न्हाऊमाखू घालून, भस्म लावून, हार घालून ताठ बसवतात, आणि पुरतात तेही बसवूनच. बसवलं की कोणीतरी शंकरप्पाला बोलवायला पळे. फोटो येई, पण त्यात डोळे मिटलेले. घरचे लोक म्हणत, आप्पा असे नव्हते हो, आप्पांचे डोळे कसे होते. मग चन्नम्मा खिडकीशी बसून, भिंग लावून, एका केसाच्या कुंचल्याने आप्पांचे डोळे उघडत असे. हे तिला नवऱ्याने शिकवलं आणि थोड्याच दिवसांत ती नवऱ्याच्या पुढे गेली. सुनेकडे रागाने बघणारी सासू असो की झोपेत गेलेलं लेकरू, तिच्या हातून डोळे असे उतरत की आई फोटो उराशी धरून घरी जाई. शंकरप्पा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला तेव्हा तिने त्याचेही डोळे स्वतःच उघडले. मग दुकान चालवलं आणि मुलाला वाढवलं. कल्लप्पा आता पुण्याच्या कॉलेजात होता. त्याचं पत्र लांबलं की तिला अन्न गोड लागत नसे. ह्या काचा धुताना पाण्यातून वर येणारं प्रत्येक कोवळं तोंड तिला आधी कल्लप्पाचंच वाटे. मग नीट पाहिलं की दुसऱ्या कोणाचं तरी.

बाजारच्या दिवशी दुपारी दारात एक धनगरीण येऊन उभी राहिली. हातात काठी, कमरेला चंची, उन्हाने चामडं झालेलं तोंड. तिच्या मागे पंचविशीची एक तरुण बाई खाली मान घालून उभी होती.

"हितं लडाईची मानसं धुत्यात व्हय?" धनगरणीने विचारलं.

"फोटो धुते. कोण तुम्ही?"

"मी तानाबाई. मंगळवेढ्याच्या अंगाची. कंपोंडरच्या कुंभारी गावच्या रानात आमी मेंढरं बसवल्याती खतासाठनं. त्यो म्हनला, त्या बाईकडं जा, लई खेचरवाली हायती काचंत. माजा सिदू फौजंची खेचरं हाकाया गेलता बसऱ्याला. त्येचा पत्त्या न्हाय."

"किती वर्षं झाली?"

"ही राजाबाई न्हाती व्हायच्या आदी गेलता. माजी सून." तिने काठीने मागे दाखवलं. "लढाई सरली, सरकारनं इचारलं तर म्हनं ठावठिकाना न्हाय. मेला म्हनत न्हाईत, जिता म्हनत न्हाईत. आता आमच्यातला श्रीमंत नावाचा गडी मागतोय हिला. बायकू मेलीया त्येची, पन मानूस बरा हाय. आमच्यात पाट लागतोय अक्का, पन नवरा मेला आसं आईनं पंचाम्होरं म्हनावं लागतंय. मी म्हनले न्हाय आजून."

"मग?"

"एकदा बगते. तुज्या काचंत घावला तर घावला. न्हाईतर म्हनून टाकते मेला."

राजाबाई वर बघत नव्हती. पण 'म्हनून टाकते' म्हटल्यावर तिने पदराचं टोक दातांत धरलं, ते चन्नम्माने पाहिलं.

"ओळख काय पोराची?"

"कानात मुरक्या. आन् अंगावर माजी घोंगडी. काळी हाय, पर मेंढ्यानं शिंग घालून फाडली तवा मी पांढऱ्या लोकरीचं ठिगाळ लावलंय. आक्ख्या मुलकात तसं ठिगाळ गावायचं न्हाय."

"पुढच्या बाजाराला या," चन्नम्मा म्हणाली. "अजून निम्म्या काचा धुवायच्या आहेत."

त्या आठवड्यात तिने पुष्कळ माणसं वर काढली. नदीच्या उताराला पालथी पडलेली, पाण्याने फुगलेली. काटेरी तारेवर वाळत घातलेल्या धोतरासारखा अडकलेला एक जण. खंदकात एकमेकांवर रचलेली, आणि रचणाऱ्यांपैकी एक कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. ती काचा धुऊन वाळवी, वर रोगण देई, जिथे सरस उडाला असेल तिथे रंगाचा ठिपका भरी, आणि दुपारी जेवायला बसली की भाकरी पुढे सारून ठेवी.

अशीच एक काच. वरच्या भागातली बुरशी सहज निघाली. खालच्या भागावर तेलकट काजळी घट्ट बसली होती, ती तिने नंतरसाठी ठेवली. वर एक तरुण होता. पोत्यांच्या ढिगाला पाठ लावून बसलेला, मान ताठ, मुंडासं नीट बांधलेलं, डोळे मिटलेले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, त्यामुळे तोंड चांगलं डाळीएवढं मोठं.

ताठ बसलेला माणूस आणि मिटलेले डोळे. चन्नम्माच्या हाताला असं चित्र दिसलं की एकच काम ठाऊक. रोगण वाळल्यावर तिने भिंग ओढलं, कुंचला ओठांवर टोकदार केला आणि दोन्ही चित्रांतल्या तोंडांवर डोळे काढले. काळे, ओलसर, जरासे हसरे. चार ठिपके आणि चार पांढरी टिंबं. झाल्यावर ती स्वतःच खूश झाली. इतक्या मढ्यांत एक तरी जिवंत दिसतो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्पिरिटच्या बोळ्याने तिने खालची काजळी काढली. मांडीवरून पायांपर्यंत पांघरलेली घोंगडी दिसायला लागली. आणि घोंगडीच्या कडेला पांढरं ठिगळ.

तिने भिंग कानाकडे नेलं. मुरक्या होत्या.

माणूस दमून पोत्याला टेकून डुलकी घेऊ शकतो. नाहीतरी तिने मिटलेले डोळे म्हणजे मेलेला हे धरलंच कशावरून? पण मग उघडले कशाला? काच पुसावी की राहू द्यावी, कंपाउंडरांना विचारावं की नको, ह्यात तिने दोन दिवस घालवले. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा काच खिडकीतल्या मेजावर तशीच होती.

तानाबाईला भिंग कसं धरायचं तेही ठाऊक नव्हतं. चन्नम्माने तिचा एक डोळा झाकला, भिंग दुसऱ्या डोळ्याशी धरलं आणि काच पुढे सरकवली. पाठीमागच्या खिडकीचा उजेड काचेतून येत होता.

मग तानाबाईच्या घशातून मेंढीला लांडग्याने धरल्यावर येतो तसा आवाज आला.

"सिद्या! आरं माज्या सिद्या! बगतोय की गं! माज्याकडं बगतोय! जिता हाय!"

"तानाबाई, ऐका. ते डोळे…"

"डोळं माजंच हायती त्येचं! हसतोय बग कसा, लबाड! जिता हाय माजा ल्योक!" ती चन्नम्माच्या पायांवर कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. "अक्का, तुजं लेकरू लाख वरीस जगंल!"

कल्लप्पाला मिळालेला आशीर्वाद परत कसा करायचा हे तिला कळेना. तेवढ्यात तानाबाई राजाबाईला दंडाला धरून रस्त्यावर पोचलीही होती. राजाबाईने एकदाच मागे वळून पाहिलं.

चार दिवसांनी राजाबाई एकटी आली. कुंभारीहून चालत आली होती. डावा डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला, आणि उजवा हात बांबूच्या दोन कामट्यांत फडक्याने बांधलेला. त्या हातात बांगडी नव्हती. मनगटावर काचांचे ओरखडे होते.

"कोणी गं? श्रीमंतने?"

"त्यो बिचारा कशाला मारंल? आत्यानं." ती उंबऱ्यावरच टेकली. "तळावर गेल्या गेल्या काटी घेतली. म्हनली, जित्या नवऱ्यावर पाट लावतीस व्हय भवाने? म्या म्हनलं, तुमीच तर जमवलंता. तशी आजून मारलं. श्रीमंत सोडवाया आला तर त्येच्या टकुऱ्यात दगूड घातला. रगात थांबंना. त्येचं भाऊ आलं काट्या घिऊन. कुत्री, मान्सं, मेंढरं, समदी एक झाली. येक कोकरू तुडवून मेलं."

चन्नम्माने पाणी आणलं. राजाबाई डाव्या हाताने प्यायली. फाटक्या ओठातून पाण्यात रक्त उतरलं.

"अक्का, येक इचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्येचं डोळं खरं हायती का?"

चन्नम्मा उठली, काच फडक्यात गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला.

"इथंच पड. मी येते."

वेणीमाधव कंपाउंडर ओसरीवर तक्क्याला टेकून पान लावत होते. सैरबीन बाहेर काढायला तयार होईनात. काच तयार झालीय म्हटल्यावर मात्र स्वतःच लगबगीने आत गेले आणि पेटी घेऊन आले. समोर दोन भिंगं, पाठीमागे दुधी काच. त्यांनी चित्र फटीत सरकवलं, पेटी आभाळाकडे धरली आणि आधी स्वतः डोळे लावले.

"अरे बाप रे!" ते जागच्या जागी हबकले, आणि मग खो खो हसायला लागले. "चन्नम्माबाई, काय केलंत हे? वा! वा! बघा, बघा तुम्ही!"

तिने डोळे लावले.

आधी नुसता धूसर गोंधळ. मग दोन चित्रं एकमेकांत शिरली आणि पेटीच्या आत एक रान उघडलं. लांब नदी, तिच्या अलीकडे तंबू, अलीकडे पोती, आणि पोत्यांना टेकून, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, एक पोरगा. खरा पोरगा. गालाला गोलाई होती, मुंडाशाच्या पिळांत सावली होती. आणि त्याच्या तोंडापुढे, वीतभर अंतरावर, हवेत दोन डोळे लोंबत होते. तोंडाला चिकटलेले नव्हते. हसत होते. त्यांच्या मागे पोराच्या पापण्या मिटलेल्या होत्या.

ठिपका केसभर इकडे की तिकडे झाला, तर साध्या फोटोत कोणाला कळत नाही. इथे त्या केसभराने डोळे माणसापासून तोडून टाकले होते.

तिने नजर खाली नेली. मांडीवरची घोंगडी. काचेवर साध्या नजरेने पाहिलं तेव्हा वाटलं होतं, पाय पसरून वर घोंगडी घेतलीय. आता तिला दिसलं, घोंगडी कमरेपाशी उंच होती आणि तिथून पुढे एकदम खाली पडून जमिनीला सपाट लागली होती. खालचे खडेसुद्धा तिच्यातून वर उठून दिसत होते. तिच्याखाली मांड्या नव्हत्या, गुडघे नव्हते. काही नव्हतं.

चन्नम्माने पेटी खाली ठेवली. तिच्या हाताचा घाम लाकडावर उमटला होता.

"हा पोरगा… हे कुठलं?"

"हे? नदीकाठचा तळ." कंपाउंडरांनी चुना लावता लावता सांगितलं. "खेचरवाले जेवायला बसले होते. वरून गोळा आला तो बरोब्बर चुलीवर. आम्ही धावलो तेव्हा कोणाचं काय कुठे, मेळच नाही. डाळीच्या पातेल्यात हात होता एकाचा. कॅप्टनसाहेब म्हणाले, एखादा बरा दिसेल असा बसवा पोत्याला. बसवला. घोंगडी घातली वरून. दोन घटकांपूर्वी हाच मला मीठ मागून गेला होता बहुतेक, किंवा दुसरा असेल. कोण लक्षात ठेवतो?"

"ह्याची आई तुमच्या रानात आहे."

कंपाउंडरांचा हात थांबला. मग त्यांनी विडा तोंडात घातला.

"असेल. मी काय करू? पण ते डोळे हं, ते डोळे तसेच ठेवायचे. भूत आहे भूत! गणपतीत रांग लागेल ह्या एका काचेला."

"मला उद्या ही काच आणि सैरबीन न्यायची आहे. कुंभारीला."

"वेड लागलं का? आधी सांगितलंय तुम्हाला."

"मग उरलेल्या काचाही इथेच आणून टाकते. बुरशीसकट. तुम्हीच धुवा." ती उठली. "कोमट पाणी घेऊ नका तेवढं. माणसं वाहून जातील."

कंपाउंडरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग अंगणात जाऊन पचकन थुंकले. "भिंगाला ओरखडा आला तर बघा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसासाठी टांग्याला निरोप त्यांनीच धाडला.

उन्हं वर आली तेव्हा टांगा कुंभारीच्या रानाशी थांबला. काळ्या ढेकळांवर मेंढरं माना खाली घालून एकमेकींच्या सावलीत उभी होती. तानाबाईने राजाबाईला टांग्यातून उतरताना पाहिलं आणि वाकून दगड उचलला. तो राजाबाईला लागला नाही, टांग्याच्या चाकावर आपटला. दुसरा चन्नम्माच्या दंडाला लागला. कुत्री भुंकत अंगावर आली.

"हिला कशाला आनलीस परत? जाऊ दे त्या श्रीमंताच्या दारात मराया!"

"मारा तानाबाई," चन्नम्मा म्हणाली. पेटी तिने पोटाशी धरली होती. "मला मारा, मी मार खाण्यासारखंच केलंय. पण आधी एकदा बघा. मग मारा."

"बगितलंय म्या! जिता हाय!"

"ते डोळे मी काढलेत. रंगाने. तो मिटल्या डोळ्यांनी होता."

तानाबाईच्या हातातला तिसरा दगड तसाच राहिला. मग ती हसली, अगदी वाईट हसली.

"बरं हाय की. काल तूच डोळं लावलंस, आज तूच म्हनतीस खोटं. उंद्या म्हनशील मुरक्या बी म्याच घातल्या. खरं कंचं गं तुजं? श्रीमंतानं काय दिलं तुला?"

बाईचं म्हणणं खरं होतं. जिने एकदा मेलेल्याला बघायला लावलं, तिच्या शब्दावर पोटचा पोर मेला असं कोणती आई मानील? तिने पेटी पुढे केली.

"मी काही बोलत नाही. तुम्ही बघा, आणि काय दिसतं ते तुम्हीच सांगा."

तानाबाईने दगड पायाशी टाकून पेटी हिसकावून घेतली. चन्नम्माने ती तिच्या हातात आभाळाकडे वळवली. मग तानाबाईने एक हात सोडला आणि पेटीच्या पुढच्या हवेत काहीतरी पकडायला गेली.

"डोळं म्होरं आल्यात," ती म्हणाली. "तोंड सोडून म्होरं आल्यात. माश्यावानी." हात पुन्हा हवेत मिटला. "घावंनात."

तिने पेटी जराशी खाली कलवली.

"घोंगडी माजीच." ज्या बाईने जन्मभर मेंढरं कापली, सोलली, लांडग्याने अर्धी खाल्लेली उचलून आणली, तिला कातड्याखाली काय आहे आणि काय नाही हे कोणी सांगायला नको होतं. तिची मान पुढे झाली, खांदे उचलले गेले. "ही भुईला का लागलीया?" ती म्हणाली. "अक्का, ही सपाट हाय. पाय कुटं हायती? माज्या पोराचं पाय कुटं हायती गं?"

चन्नम्माने कंपाउंडरांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. चूल, जेवण, गोळा. डाळीच्या पातेल्यातला हात तेवढा सांगितला नाही.

तानाबाई रडली नाही. ती मटकन ढेकळांत बसली. मग तिने सैरबिनीच्या फटीतून काच आपल्या हाताने ओढून काढली आणि उजेडाकडे धरली.

"ह्ये डोळं पुसून टाक."

"मी नाही पुसणार," चन्नम्मा म्हणाली. "मी पुसलं तर उद्या तुम्हीच म्हणाल, मिटलेले डोळेही मीच काढले. तुम्ही पुसा. रंग कच्चा आहे, ओलं लागलं की जातो. तुमच्या हाताखाली जे निघेल ते खरं."

तानाबाईने शेजारच्या मेंढीच्या पाठीवरची चिमूटभर लोकर उपटली, जिभेवर ओली केली आणि बोटांत पिळून तिचं टोक केलं. चन्नम्माने काच दोन्ही हातांनी धरली आणि सोबत आणलेलं भिंग आपल्या बऱ्या हाताने वर धरायला राजाबाई गुडघ्यांवर बसली. तीन बायकांची डोकी एकमेकींना लागली होती.

"कंचा आदी?"

"कोणताही."

"उजवा," तानाबाई म्हणाली. "जल्मला तवा त्येनं उजवा आदी उगडलाता."

तिने एका चित्रातला उजवा पुसला, मग डावा. मग दुसऱ्या चित्रातले दोन. लोकरीच्या टोकाला काळं लागलं. ते तिने पदराला पुसलं नाही, मुठीत धरून ठेवलं. मग काच पुन्हा पेटीत घातली, आणि ह्या वेळी पेटी कशी धरायची ते तिला कोणी सांगावं लागलं नाही.

आत पोराचं तोंड आपल्या जागी होतं. पुढे काही लोंबत नव्हतं. पापण्या मिटलेल्या, ओठांवर थोडी धूळ.

ती बघत राहिली. मेंढरांची सावली सरकली, टांगेवाल्याने घोड्याला पाणी दाखवून आणलं, तरी बघत राहिली. शेवटी तिने पेटी खाली घेतली आणि राजाबाईपुढे धरली.

राजाबाई बिचकली. मग तिने आपला सुजलेला डोळा आणि चांगला डोळा दोन्ही भिंगांना लावले. एका डोळ्याने फार दिसत नसावं, कारण तिने पेटी पुष्कळदा हलवली.

"असा व्हता व्हय, आत्या?"

"व्हय. नाक बापाचं."

"मला तोंड याद नव्हतं त्येचं."

"कुटनं आसंल? ल्हान हुतीस." तानाबाई उठली. पायाशी पडलेला तोच दगड तिने उचलला, आणि चन्नम्मा मधे पडायला धावली. पण तानाबाईने दगड वर नेला नाही. "हात म्होरं कर, राजे. त्यो न्हवं, दुकतोय त्यो. दुसरा."

राजाबाईने डावा हात ढेकळावर ठेवला. तानाबाई तिच्याशेजारी बसली, सुनेचं मनगट आपल्या हाताने दाबून धरलं आणि दगड मारला. हिरव्या बांगड्या फुटल्या. एक तुकडा मनगटात शिरला, तो तिने नखांनी उपसून काढला आणि वर लोकर दाबली. तीच लोकर, काळं लागलेली. राजाबाई ओरडली नाही. तानाबाईच ओरडली, पहिल्यांदा, एकदाच, आणि मेंढरं दचकून एका बाजूला सरली.

मग तिने तोंडावरून हात फिरवला.

"अक्का, जाताना अक्कलकोटच्या नाक्यावरनं जाशील न्हवं? भांडनानंतर तितं नेल्याती श्रीमंतानं मेंढरं. त्येला सांग, टकुरं बरं झालं की पंच घिऊन ये म्हनावं. मी म्हनीन मेला म्हनून."

चन्नम्माने मान हलवली. दंडावर दगड लागला होता तिथे आता गाठ आली होती. पेटीतली काच काढावी की राहू द्यावी, कंपाउंडरांना काय सांगावं, हे तिला अजून कळत नव्हतं. तिने पेटीकडे हात नेला, तेव्हा तानाबाईने पेटीवर आपला तळवा ठेवला.

"ऱ्हाऊ दे जरा," ती म्हणाली. "घोडं दमलंय तुजं. उन्हं कलू देत. तवर मी बगते."